शनिवारचा मासा

कुओलबासा,
६ ऑक्टोबर १९९६

चि. तुयारा हिस बाबांचे अ. उ. आ.

तुझं पत्र पिठाच्या शेवटच्या बोटीबरोबर आलं. आता नदी घट्ट होईपर्यंत इकडे ना बोट ना गाडी. हे पत्र त्याच बोटीनं परत पाठवतोय, म्हणून घाईत आहे. गाव्रीलचा पाय दोन ठिकाणी मोडला हे वाचून वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. गॅरेजच्या शिडीवर तो कसा चढतो ते मी पाहिलेलं आहे. जावयाबद्दल असं लिहू नये, तेव्हा एवढा भाग त्याला वाचून दाखवू नकोस.

पुढचा मजकूर मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला. यंदा आपला बैल, म्हणजे आपली मालगाडी, तू चालवणार म्हणतेस. बालवाडीत पगाराऐवजी साबणाच्या वड्या देतात, साबण खाऊन माझी नात साहया मोठी व्हायची नाही, आणि गाडी चालायची तर नदी गोठलेली असतानाच, हे सगळं मला कळतं. त्या रस्त्यावर मी आयुष्य काढलं. त्यानं माझ्या पायाची तीन बोटं ठेवून घेतली आणि मग मला सोडलं. गाडी विकून टाक, असं मी लिहिणार होतो. पण ती घेणार कोण, हेही मला ठाऊक आहे.

तर ऐक. आधी टाकी. तळाचं बूच काढ आणि साचलेलं पाणी सोडून दे. वाटीभर पाणी नळीत गोठलं तर अख्खा बैल जागच्या जागी मरतो. मग टाकीला आणि नळीला लोकरीचा जाड नमदा गुंडाळ, वरून ताडपत्री. खिडक्यांना आतून दुसरी काच बसव, मध्ये बोटभर जागा ठेव, नाहीतर श्वासानंच काच पांढरी होते. इंजिनावरची गोधडी तुझ्या आईनं शिवलेली आहे, पण तिला उंदीर लागलेत. मी गेल्या वर्षीच पाहिलं होतं आणि बोललो नव्हतो. नवी शिव. माप म्हणून सुतळी पाठवतोय, गाठी आहेत तिथे दिव्यांसाठी भोकं पाड.

माप पाठवलं म्हणजे संमती दिली असं समजू नकोस.

माया आहे, रागही आहे. दोन्ही तुझेच आहेत.

तुझा बाबा,
प्रोकोपी

—

याकुत्स्क,
१२ नोव्हेंबर १९९६

ती. बाबांना तुयाराचा सा. न. वि. वि.

तुमच्या सुतळीप्रमाणे सगळं केलं. टाकीच्या बुचातून मगभर तपकिरी पाणी निघालं. गाव्रीलला दाखवलं, तर तो म्हणाला की ते पूर्वीपासूनचं असणार, म्हणजे तुमच्या वेळचं. तुम्ही त्याच्याबद्दल लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं नाही, त्यानं स्वतःच वाचलं. दिवसभर खिडकीशी पडून कुबडीनं काच ठोकतो आणि मला खाणाखुणा करतो. एकदा खूण नीट कळली नाही म्हणून मी चुकीचं चाक काढलं. पुन्हा बसवायला संध्याकाळ गेली.

गोधडी झाली. नमदा साहयाच्या जुन्या गादीतला, वरचं कापड तुमच्या लष्करी कोटाचं. सुया मोडल्या, मग चामडं शिवायच्या आरीनं भोकं पाडून टाके घातले. माझ्या बोटांकडे पाहून बालवाडीतली मुलं विचारतात, बाई तुम्हाला मांजर चावलं का. ब्रेकच्या नळ्यांत घालायचं स्पिरिट गाव्रीलनं मोजून दिलं. त्यातलं ब्रेकला किती पोचलं आणि गाव्रीलला किती, ते बैलालाच ठाऊक.

शेजारच्या इग्नातनं काल फाटकातून विचारलं, बैलाला जोडी मिळाली नाही वाटतं, म्हणून गाय जुंपली का? मी म्हटलं, गाय निदान दूध देते, तू नुसता धूर देतोस. हसला. मग आपणहून येऊन त्यानं बॅटरीची पेटी आत सरकवून दिली. ती मला एकटीला हलत नव्हती.

इंजिन आता बंद करत नाही, नाहीतर थंडीत पुन्हा सुरू व्हायचं नाही. अंगणात ते घरघरत असतं. साहयाला त्या आवाजाशिवाय झोप लागत नाही, आणि मला त्या आवाजानं लागत नाही. जरा खोकलं की मी उठून बाहेर जाते. दमले आहे बाबा. अजून रस्ता सुरू झालेला नाही आणि मी दमले आहे.

एक विचारायचं होतं. तुमच्याकडचा टेलिफोन उन्हाळ्यापासून मेलेला आहे. मी निघाले आहे हे तुम्हाला कळणार कसं?

आशीर्वाद असावा, आणि पुढच्या पत्रात राग थोडा कमी असावा.

तुमची,
तुयारा

—

नदीसंगमावरची खानावळ,
३० नोव्हेंबर १९९६

चि. तुयारा हिस मार्फा आत्याचे अनेक आ. वि. वि.

रस्ता सुरू झाला. पहिल्या गाड्या आल्या, पहिली भांडणं झाली, पहिला स्टोव्ह फुटला. माझे गुडघे म्हणतात की आता पुरे, पण गुडघ्यांना कोण विचारतं? आतापर्यंत शंभर माणसांना सूप वाढलं आणि एकानंही मीठ बरोबर आहे असं म्हटलं नाही.

माझ्या दादानं, म्हणजे तुझ्या बाबानं, कुओलबासाच्या पहिल्या गाडीबरोबर नमद्याचे नवेकोरे बूट पाठवलेत. निरोप असा की, कुणी वाटसरू आला आणि त्याला बसले तर दे. तुझ्या मापाचे आहेत. असला कोण वाटसरू येणार आहे, ते तो बोलत नाही आणि मी विचारत नाही. तुझ्या मापाचे पाय घेऊन कुणी आलं तर देईन.

इथे बायकांना वेगळा पलंग नाही. माझ्या पाठीशी झोपावं लागेल आणि मी घोरते. चहा, लोणी, घोड्याचं मांस आहे. रस्त्याला घास टाकायला घावन करून ठेवते, ते न टाकता पुढे जायचं नाही. केव्हा येशील हे मी विचारणार नाही आणि तूही लिहायचं नाहीस. दार लोटलेलं असतं, कडी नसते, एवढं लक्षात ठेव.

जिव्हाळा असू दे. मीठ आपण आपलं घालून घ्यावं.

तुझी,
मार्फा आत्या

—

कुओलबासा,
२१ डिसेंबर १९९६

चि. तुयारा हिस बाबांचे अ. उ. आ.

तू संगमापर्यंत एक खेप करून परत गेलीस, असं ड्रायव्हर सांगतात. बूट बसले असंही कळलं. एकानं गोधडीचं कौतुक केलं. ती कुणी शिवली ते मी त्याला सांगितलं नाही, पण चहा दुसऱ्यांदा ओतला.

तू निघाल्याचं मला कसं कळणार, असं विचारलं होतंस. कळायचं नसतं. दारात उभी राहिलीस की कळेल. निघालेल्या माणसाला कुठे आणि केव्हा असं आपल्यात कुणी विचारत नाही, हे तू लहानपणापासून पाहिलंस, पण का ते तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या आत्याचा नवरा सेम्योन माझा जोडीदार होता. आम्ही दोन गाड्या मागेपुढे चालवायचो. त्या खेपेला मी तापानं पडलो होतो. मार्फाचं नवं लग्न झालेलं. तिनं त्याला दारात विचारलं की शनिवारी येशील ना, म्हणजे मासा वितळायला आत आणून ठेवते. तो हसून म्हणाला की शनिवारी येतो. मासा वितळला. सेम्योन आला नाही. त्यानंतर मार्फाला कुणी काही बोललं नाही, आणि मार्फानं कुणाला काही विचारलं नाही. इतकी वर्षं ती ड्रायव्हरांना वाढते, एकालाही तिनं केव्हा निघालास किंवा केव्हा पोचशील असं विचारलेलं नाही.

आता बर्फाचं. नदीवर पट्टा बांधायचा नाही आणि दार किंचित उघडं ठेवायचं. काठाजवळ हळू, कारण गाडीच्या वजनानं बर्फाखाली लाट धावते आणि काठाशी उसळते. चाकं थंडीत चौकोनी होतात. सुरुवातीला माणूस चालेल इतक्या वेगानं जा, ती गोल होऊ देत. थंडी फारच वाढली की नदी आवळते, मग पाणी फटीतून वर येतं आणि बर्फाच्या माथ्यावर, हिमाखाली लपून पसरतं. ते दिसत नाही. त्यात चाक गेलं तर ओढाताण करू नकोस, इंजिन चालू ठेव आणि वाट पाहा. केबिनमध्ये पत्र्याची शेगडी, कुऱ्हाड आणि सुकी लाकडं असलीच पाहिजेत. अगदी शेवटी जास्तीचं चाक जाळायचं. टायर बराच वेळ जळतं.

संगमापर्यंत दोन वाटा आहेत. डोंगराची लांब आणि उताराची, सगळे तिनंच जातात. नदीची जवळची, पण तिथे कुणी भेटत नाही. तुझं तू ठरव.

प्रेम आहे, ते गोठणाऱ्यातलं नाही.

तुझा बाबा,
प्रोकोपी

—

याकुत्स्क,
१७ जानेवारी १९९७

ती. मार्फा आत्यांना गाव्रीलचा सा. न. वि. वि.

इग्नात उजाडायच्या आत डोंगरानं निघणार आहे, त्याच्याबरोबर हे देतोय. तुमच्या तब्येतीबद्दल खरं तर आधी विचारायला हवं. पण थंडी उणे पंचावन्नच्या खाली गेली आहे, हात चालत नाही, म्हणून मुद्द्याचंच लिहितो.

तुयारा तुमच्याकडे पोचलीच आहे. तिला पुढे कुओलबासाला जायची घाई असेल, कारण गाडीत सासऱ्यांच्या गावच्या दवाखान्याची औषधं आहेत. पण आत्या, थंडी उतरेपर्यंत तिला जागची हलू देऊ नका. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. भांडी घासायला लावा, कणीक मळायला लावा, काहीही करा, पण थांबवून ठेवा. जाताना उताराला ब्रेकची भीती नको म्हणून ती नदीनं गेली, परत येताना डोंगरानं आणा म्हणावं.

साहया बरी आहे. अंगणात इंजिन नाही म्हणून तिला झोप लागत नाही. मी तिच्या कानाशी बसून तोंडानं घरघर करतो. ती म्हणते, बैल असा खोकत नाही, तू चुकतोस.

कृपादृष्टी असावी. मोडक्या जावयावरही असावी.

आपला,
गाव्रील

—

नदीसंगमावरची खानावळ,
२२ जानेवारी १९९७

ती. प्रोकोपी दादास मार्फाचा सा. न.

आधी हे वाच आणि मग बसून पुढचं वाच. पोर जिवंत आहे. माझ्या पलंगावर आहे आणि आत्ता झोपली आहे.

रविवारी दुपारी इग्नात आला. सूप प्यायला, आणि मग खिशातून गाव्रीलचं पत्र काढून दिलं. मी चुलीशी उभी राहून वाचलं. तुयाराला थांबवून ठेवा असं त्यात लिहिलं होतं. कुणाला थांबवू? मी पलंगाकडे पाहिलं. या महिन्यात ती माझ्याकडे आलेलीच नव्हती. एवढ्या थंडीत शहाण्यासारखी घरी बसली असेल असं मी धरून चालले होते. गाव्रील धरून चालला होता की ती माझ्याकडे आहे. आणि तू, दादा, काहीच धरून चालला नसशील. आपण तशी सवयच लावून घेतलेली नाही.

खानावळ भरलेली होती. सगळे ओळखीचे, सेम्योनला ओळखणारेही त्यात दोघे. मी डाव ठेवला आणि इग्नातसमोर जाऊन उभी राहिले. माझ्या तोंडाकडे पाहूनच त्याला कळलं. तो म्हणाला, "मार्फा मावशी, नका विचारू."

मी म्हटलं, "विचारते. ती केव्हा निघाली?"

इग्नातनं मान खाली घालून सांगितलं की मंगळवारी. नदीनं फार तर दोन दिवसांची वाट, आणि आज रविवार. मग मी रस्ताचौकीवर गेले आणि रेडिओवर तोच प्रश्न नदीच्या वरच्या आणि खालच्या प्रत्येक चौकीला विचारला. नाव घेऊन विचारला, दिवस सांगून विचारला. आवाज कापत होता, पण रेडिओवर सगळ्यांचाच कापतो. परत आले तोवर तीन गाड्या नदीवाटेच्या तोंडाशी उभ्या होत्या, पुढची इग्नातची.

सोमवारी सापडली. बेटामागच्या फाट्यात पाणी वर आलं होतं. तू सांगितलं होतंस तसंच, हिमाखाली. मागची चाकं आसापर्यंत गेली आणि जबड्यात दात असावेत तशी गोठून बसली. तिनं ओढाताण केली नाही. इंजिन चालू ठेवलं, डिझेल संपलं तेव्हा शेगडी पेटवली, लाकडं संपल्यावर खोकी, आणि मग जास्तीचं चाक. त्या काळ्या धुरावरूनच इग्नातला गाडी दिसली. बैल थंड पडल्यावर तिनं त्याच्या इंजिनावरची गोधडी कापून काढली आणि औषधांची पेटी पोटाशी धरून आत गुरफटून बसली. डाव्या करंगळीचं टोक गेलं. नर्सबाईंनी कापलं. बाकी सगळी पोर शाबूत आहे.

शुद्धीवर आल्यावर तिनं काय सांगितलं, ते तुला लिहायलाच हवं. म्हणाली, आत्या, थंडीची भीती वाटली नाही. तिथे बसून मला कळलं की गाव्रीलच्या लेखी मी तुझ्याकडे आहे, आणि तुझ्या लेखी घरी. मग मला शोधायला निघणार कोण? आपले लोक नदीवरचा बर्फ फुटेपर्यंत मला शोधणार नाहीत, याची भीती वाटली.

दादा, सेम्योनबद्दल तू मला कधी काही बोलला नाहीस, त्याबद्दल मी तुला कधी काही विचारलं नाही. आज लिहिते. मी विचारलं म्हणून तो गेला, असं तुम्ही सगळे मनात म्हणत आलात, मीही म्हणत आले. पण रविवारी रात्री या रिकाम्या पलंगाशी बसून मला आठवलं, तो शनिवारी आला नाही, म्हणूनच लोक रविवारी शोधायला निघाले होते. त्याच्यासाठी उशीर झाला होता. पण तो सापडला. त्याला मातीत ठेवता आलं. फाट्यात गेलेली कितीतरी माणसं कुणालाच सापडली नाहीत, कारण त्यांना केव्हा शोधायचं हे कुणाला माहीत नव्हतं.

आता दमले. उद्या तीस माणसांचं सूप आहे.

लोभ ठेव, नसेल तर निदान बोल.

तुझी,
मार्फा

—

कुओलबासा,
६ फेब्रुवारी १९९७

चि. तुयारा हिस बाबांचे अ. उ. आ.

औषधं पोचली. दवाखान्याच्या बाईंनी पेटीचा वास घेतला आणि म्हणाल्या की हिला जळक्या रबराचा वास येतो. मी म्हटलं, येऊ दे.

कुऱ्हाडींनी बर्फ फोडून बैलाला बाहेर काढलं आणि संगमावर उभं केलं, असं इग्नात सांगून गेला. नमदा शाबूत आहे, काचा शाबूत आहेत, टाकीच्या नळीत पाण्याचा थेंब नव्हता. तो म्हणाला, गाडी अशी तयार केलेली त्यानं पाहिली नाही. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

काल थंडीच्या बैलाचं पहिलं शिंग गळालं, म्हणजे हिवाळा उतरणीला लागला, असं म्हातारे म्हणतात. मी अंगणात उभा राहिलो, मला काही फरक कळला नाही. माझे पाय अजून डिसेंबरातच आहेत.

टाकीपासून चाकापर्यंत सगळं मी तुला लिहिलं. एक राहिलं. हे पत्र सकाळी सुरू केलं आणि इथवर येऊन ठेवून दिलं. चुलीला लोणी वाहिलं, लाकडं आणली, मार्फाचं पत्र पुन्हा वाचलं. आयुष्यात कुणाला विचारलं नाही, त्यामुळे कसं विचारतात ते येत नाही. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस.

तुयारा, पुढच्या खेपेला तू केव्हा निघशील आणि केव्हा पोचशील?

उत्तराची वाट पाहणारा, तुझा बाबा,
प्रोकोपी

—

याकुत्स्क,
३ मार्च १९९७

ती. बाबांना तुयाराचा सा. न. वि. वि.

करंगळी बरी आहे. साहया ती रोज तपासते आणि बाकीची केव्हा उगवणार असं विचारते. गाव्रील कुबडी टाकून काठीवर आला आहे. इग्नातनं बैलाला संगमावरून इथवर ओढत आणलं, आणि वाटेत एकदाही टोमणा मारला नाही, म्हणून मला त्याची काळजी वाटली. इंजिन पुन्हा घरघरू लागलं, गोधडीही पुन्हा शिवली. जिथे मी कापली होती तिथे ठिगळ आहे, दिसायला वाईट आहे, पण ऊब धरते.

खरं सांगू? जावंसं वाटत नाही. रात्री इंजिन खोकलं नाही तरी मी उठते. पण नदी फुटायला फार दिवस उरलेले नाहीत, एक खेप तरी झालीच पाहिजे. घरातलं पीठ संपत आलंय.

तुमचा प्रश्न गाव्रीलला वाचून दाखवला. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यानं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, लिही.

तर लिहिते. हे पत्र इग्नात मंगळवारी घेऊन निघतोय. मी गुरुवारी सकाळी निघेन, डोंगराच्या वाटेनं. शुक्रवारी संध्याकाळी आत्याकडे, तिथे मुक्काम. शनिवारी अंधार पडायच्या आत तुमच्या दारात. रविवारी दुपारपर्यंत आले नाही, तर शोधायला निघा, आणि चौक्यांवर माझं नाव सांगा.

शनिवार मुद्दाम म्हटलेला नाही, दिवसच तसे पडतात. आत्यालाही हेच कळवलं होतं. तिचा उलट निरोप कालच आला, एवढाच की, मग शुक्रवारसाठी एक आणि शनिवारी तुझ्याबरोबर पाठवायला दुसरा, असे दोन मासे गुरुवारीच आत आणून ठेवते.

वाट पाहावी, ही वि.

तुमची,
तुयारा